ब्रॅकेट सुटला, दोष कुणाचा?

आमच्या धाकटीला गेल्या जूनमध्ये दातांना तार बसवली. वय वर्षे तेरा, आठवीत. वरचे दोन सुळे पुढे आलेले, खालचे दात एकावर एक चढलेले. अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई, म्हणत होत्या की आमच्या खानदानात सगळ्यांचेच दात असे, कुणाचे काय अडले? पण धाकटी फोटो काढताना ओठ मिटून घ्यायला लागली, वर्गात वाचायला उभी राहिली की तोंडावर हात धरायला लागली. शिक्षकाच्या घरात हे दिसत नसेल तर काय उपयोग? दोघांच्या पगारातून थोडे थोडे बाजूला ठेवले आणि तार बसवून घेतली.

आमच्या तालुक्याच्या गावात या कामाचे डॉक्टर राहत नाहीत. दर दुसऱ्या शनिवारी ते शहरातून येतात, एका दवाखान्यात दिवसभर बसतात आणि रात्री परत जातात. त्या एका दिवसात आजूबाजूच्या खेड्यांतली सगळी मुले येतात. बाकावर जागा मिळत नाही.

ऑगस्टमध्ये पहिला ब्रॅकेट सुटला. दाताच्या मधोमध चिकटवलेला तो छोटा चौकोनी तुकडा, ज्याच्या खाचेतून तार जाते, त्याला ब्रॅकेट म्हणतात. खालच्या डाव्या बाजूच्या दुसऱ्या उपदाढेचा होता. पावसाचे दिवस, कोपऱ्यावर गाडीवाल्याने भुट्टे भाजायला घेतलेले. धाकटीने शाळेतून येताना कणीस खाल्ले आणि घरी येऊन स्वतःच कबूल केले. आम्ही रागावलो. डॉक्टरांनी नवा ब्रॅकेट बसवला, त्याचे पाचशे रुपये वेगळे घेतले.

सप्टेंबरमध्ये त्याच दाताचा ब्रॅकेट पुन्हा सुटला. धाकटी म्हणाली, “अम्मी, मी काहीच खाल्ले नाही. वरण-भात खाताना सुटला.” आमचा विश्वास बसला नाही. वरण-भाताने कुणाचा ब्रॅकेट सुटतो? तिच्या अब्बूंनीही चार शब्द सुनावले. पुन्हा दवाखाना, पुन्हा पाचशे रुपये. सुटलेला ब्रॅकेट आम्ही कागदाच्या पुडीत बांधून नेला होता. डॉक्टरांनी दुसरा बसवला आणि ती पुडी आमच्या पर्सच्या आतल्या कप्प्यातच राहून गेली.

त्यानंतर सगळे ठीक होते. म्हणजे आम्हाला तसे वाटत होते. नोव्हेंबरच्या तपासणीत डॉक्टरांनी तोंडात आरसा घातला आणि थांबले. मग त्यांनी हळूच विचारले, “बेटा, हा ब्रॅकेट कुणी बसवला?”

धाकटी रडायला लागली. ऑक्टोबरच्या शेवटी तो तिसऱ्यांदा सुटला होता. सांगितले तर अम्मी-अब्बू ओरडतील आणि पाचशे रुपये जातील, या भीतीने तिने भावाच्या प्रोजेक्टच्या डब्यातला झटपट चिकटणारा गोंद घेतला आणि आरशासमोर उभे राहून स्वतःच तो चिकटवला. तीन आठवडे तो वाकडा चिकटलेला होता. हिरडी लाल होऊन सुजली होती आणि तारेने तो दात भलतीकडेच फिरवायला सुरुवात केली होती.

आम्हाला पहिल्यांदा भीती वाटली. तो गोंद घशात गेला असता तर? मग राग आला, आणि खरे सांगायचे तर तो राग डॉक्टरांवर काढला. “डॉक्टर, एकाच दाताचा ब्रॅकेट तीनदा सुटतो म्हणजे तुमचे चिकटवणेच नीट नाही!” बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांनी ऐकले असेल.

डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, “मॅडम, तसे असेलही. बघू या. जुना सुटलेला ब्रॅकेट आहे का तुमच्याकडे?” पर्समधली पुडी आठवली. त्यांनी ती उघडली, ब्रॅकेट चिमट्यात धरला, पाठीमागची बाजू दिव्याखाली नेली आणि भिंगातून पाहिली. त्या पाच मिनिटांत आम्ही जे शिकलो आणि नंतर वाचून जे समजून घेतले, ते या महिन्यात तुमच्यासमोर ठेवत आहोत. आपल्या घराघरांत आता तारवाली मुले आहेत आणि ब्रॅकेट सुटला की बहुतेक घरांत जे आमच्या घरात झाले तेच होते.

आधी हा तुकडा दाताला चिकटतो कसा, ते पाहू. साठ-सत्तर वर्षांपूर्वी तो चिकटवता येतच नव्हता. तेव्हा प्रत्येक दाताभोवती अंगठीसारखी धातूची पट्टी बसवून ती सिमेंटने पक्की करत, आणि ब्रॅकेट त्या पट्टीवर जोडलेला असे. सगळे तोंड धातूने भरून जाई. पट्टीसाठी दोन दातांमध्ये जागा करावी लागे आणि पट्ट्या काढल्यावर त्या फटी बुजवत बसावे लागे.

हे बदलले ते १९५५ साली. अमेरिकेत रॉचेस्टर येथे मायकेल ब्युनोकोर नावाचे दंतवैज्ञानिक होते. कारखान्यात धातूवर रंग नीट बसावा म्हणून आधी फॉस्फरिक आम्ल लावतात, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी विचार केला, दातावर का लावू नये? दाताचे वरचे कवच, म्हणजे इनॅमल, हे आपल्या शरीरातले सर्वांत कठीण द्रव्य. वजनाने पाहिले तर त्याचा शेकडा ९६ च्या आसपास भाग खनिज असतो. ते इतके गुळगुळीत असते की त्यावर काही टिकत नाही. ब्युनोकोर यांनी अर्धा मिनिट आम्ल लावून ते धुतले आणि मग त्यावर राळेसारखे द्रव्य लावून पाहिले. ते कितीतरी पटींनी घट्ट बसले.

याचे कारण समजायला आपल्या आजीचा पाटा आठवा. वापरून वापरून पाटा गुळगुळीत झाला की मसाला वाटला जात नसे, नुसता घसरायचा. मग टाकीवाली यायची आणि छिन्नी-हातोडीने पाट्याला टाके मारून द्यायची. आम्ल दाताला असेच टाके मारते, फक्त ते इतके सूक्ष्म की डोळ्यांना दिसत नाहीत. डोळ्यांना एवढेच दिसते की चकाकणारा दात खडूसारखा पांढरा, निस्तेज झाला. त्या सूक्ष्म छिद्रांत पातळ राळ झिरपते आणि आत गेल्यावर घट्ट होते. म्हणजे ब्रॅकेट दातावर नुसता चिकटलेला नसतो, राळेच्या हजारो बारीक मुळ्यांनी तो दातात रुतलेला असतो.

ब्रॅकेटच्या पाठीलाही अशीच सोय असते. लोखंडी गाळणीसारखी बारीक जाळी तिथे जोडलेली असते. राळ त्या जाळीच्या छिद्रांत शिरते आणि तिकडूनही पकड घेते. मधला थर एकच, पण त्याला दोन पकडी: एक दाताकडे, एक ब्रॅकेटकडे.

१९६० च्या दशकात अमेरिकेतच रेफेल बोवेन यांनी दातांसाठी नवी, जास्त मजबूत राळ तयार केली आणि १९६५ साली जॉर्ज न्यूमन यांनी ब्रॅकेट थेट दातावर चिकटवण्याची पद्धत मांडली. सत्तरच्या दशकानंतर पट्ट्या मागे पडत गेल्या. आता त्या बहुतेक मागच्या दाढांनाच दिसतात. आज डॉक्टर साधारण ३७ टक्के फॉस्फरिक आम्लाची निळी किंवा हिरवी जेल पंधरा ते तीस सेकंद लावतात, पाण्याने धुतात, हवेने सुकवतात, राळ लावतात, ब्रॅकेट जागेवर बसवून दाबतात आणि निळ्या प्रकाशाची बॅटरी धरतात. त्या प्रकाशाने राळ काही सेकंदांत दगडासारखी होते.

आता प्रश्न येतो मजबुतीचा. १९७५ साली रेनॉल्ड्स नावाच्या संशोधकाने एक अंदाज दिला, तो आजही सगळे वापरतात. ब्रॅकेट रोजच्या वापरात टिकायचा असेल तर दर चौरस मिलिमीटरला सुमारे ६ ते ८ न्यूटन इतकी पकड हवी. शाळेतले गणित करून पाहा. ब्रॅकेटची पाठ साधारण ३ गुणिले ४, म्हणजे १२ चौरस मिलिमीटर. पकड झाली ७२ ते ९६ न्यूटन. किलोत सांगायचे तर सात ते जवळजवळ दहा किलो. तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या तुकड्यासाठी हे काही कमी नाही. पण दुसरी बाजूही बघा. मोठा माणूस दाढेत जोर लावून चावतो तेव्हा पन्नास किलोंच्या वरही भार पडू शकतो. नळीचे हाड, उसाचे कांडे किंवा बर्फाचा खडा नेमका ब्रॅकेटच्या कडेवर आला तर सात-दहा किलोंची पकड काय टिकणार?

आम्ही डॉक्टरांना विचारले, “मग याहून मजबूत गोंद का वापरत नाही?” ते हसले. “मॅडम, दीड-दोन वर्षांनी तो काढायचाही असतो ना? खूपच घट्ट बसवला तर काढताना इनॅमलचे टवके निघतील. आणि इनॅमल एकदा गेले की शरीर ते पुन्हा बनवत नाही.” ही गोष्ट आमच्या मनात राहून गेली. दोन वर्षे घट्ट धरून ठेवायचे आणि शेवटच्या दिवशी दाताला ओरखडा न उठता सोडायचे, असे हे अवघड काम त्या राळेकडे आहे. म्हणून काही ब्रॅकेट मधेच सुटणार, हे गृहीतच धरलेले असते. कुशल डॉक्टरांकडेही शंभरातले थोडे सुटतातच. पुढच्या दातांपेक्षा मागचे जास्त, कारण तिथे भार जास्त आणि कोरडे ठेवणे कठीण.

आता त्या पुडीतल्या ब्रॅकेटकडे येऊ. सुटलेला ब्रॅकेट म्हणजे साक्षीदार. त्याच्या पाठीवर राळ उरली आहे की नाही, हे पाहून पकड कुठे सुटली ते कळते. पाठ स्वच्छ, जाळी उघडी आणि राळ सगळी दातावरच राहिली असेल, तर दाताची पकड पक्की होती आणि ब्रॅकेट राळेपासून निघाला. याउलट राळेचा थर जसाच्या तसा ब्रॅकेटवर आला आणि दात मोकळा राहिला, तर राळेने दातात मूळच धरले नव्हते. डॉक्टर मंडळींनी याचे शून्य ते तीन असे गुणही ठरवलेले आहेत. १९८४ साली स्कँडिनेव्हियातल्या दोन संशोधकांनी ही मोजणी मांडली आणि तेव्हापासून ब्रॅकेटच्या मजबुतीवरच्या अभ्यासांत ती सर्रास वापरली जाते.

आमच्या पुडीतल्या ब्रॅकेटची जाळी राळेने पूर्ण भरलेली होती. वर आरशासारखा गुळगुळीत थर. डॉक्टर भिंग खाली ठेवून म्हणाले, “वरण-भात खाताना सुटला असे म्हणाली ना? खरे बोलत होती. याने दात धरलाच नव्हता. ओलावा राहिला असणार.”

ओलावा हा या कामाचा मोठा शत्रू. आपल्याला ही गोष्ट मेंदीवरून सहज समजेल. हाताला तेलाचा हात लागला असेल तर ईदच्या आदल्या रात्री कितीही सुंदर मेंदी काढा, सकाळी रंग फिका. आम्लाने उघडलेल्या त्या बारीक छिद्रांवर थुंकीचा एक पातळ पापुद्रा बसला, किंवा हिरडीतून रक्ताचा थेंब आला, की छिद्रे बुजतात. वरून राळ लावली तर ती पापुद्र्यावर बसते, दातात शिरत नाही. दिसायला सगळे ठीक दिसते. दोन-चार आठवडे टिकतेही. मग एक दिवस वरण-भात खाताना निघते.

धाकटीची ती उपदाढ अजून पूर्ण वर आलेली नाही. दाताच्या खालच्या भागावर हिरडीचा काठ चढलेला आहे. ब्रश नीट न पोहोचल्याने तो काठ सुजलेला होता आणि हात लागला की रक्त यायचे. अशा जागी दात कोरडा ठेवायला वेळ लागतो. कापसाच्या गुंडाळ्या बदलाव्या लागतात, लाळ ओढणारी नळी धरावी लागते, मधेच थुंकी लागली तर पुन्हा धुवून पुन्हा आम्ल लावावे लागते. डॉक्टर थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “त्या शनिवारी बाहेर बरीच गर्दी होती. मी घाई केली. हे पाचशे तुमचे परत.”

पैसे परत मिळाले त्यापेक्षा ‘मी घाई केली’ हे शब्द ऐकून आम्हाला जास्त लाज वाटली. कारण ते बोलण्याची पाळी खरे तर आमचीही होती. पहिल्या वेळी कणीस खाल्ल्याचे पोरीने स्वतः कबूल केले होते, त्याचे बक्षीस तिला काय मिळाले? ओरडा. दुसऱ्या वेळी ती खरे बोलली, त्यावर आम्ही विश्वास ठेवला नाही. तिसऱ्या वेळी तिने सांगितलेच नाही. यात नवल ते काय? वीस वर्षे वर्गात मुलांना सांगत आलो की चूक कबूल करणारा मोठा असतो. घरात मात्र कबुलीची किंमत वाढवून ठेवली, आणि पोरीने गोंदाची बाटली उचलली.

तो गोंद किती घातक, हेही सांगितले पाहिजे. झटपट चिकटणारे गोंद ओलाव्याच्या स्पर्शानेच कडक होतात, म्हणजे तोंडात तर लगेचच. हिरडीला, ओठाला, बोटाला ते धरून बसतात आणि नाजूक त्वचेला इजा करतात. ते तोंडात वापरण्यासाठी बनवलेलेच नाहीत. शिवाय ब्रॅकेटची जागा मिलिमीटरच्या अंशात मोजलेली असते. तो वाकडा बसला की तार आपले काम वाकडे करते. धाकटीच्या त्या गोंदाने तिसऱ्या ब्रॅकेटचा पुरावाही पुसून टाकला. पर्समधली जुनी पुडी नसती तर दोष पुन्हा तिच्याच खाण्यावर आला असता.

डॉक्टरांनी गोंद काळजीपूर्वक खरवडून काढला. निळा कागद दातांत धरून चावायला लावले आणि वरचा दात त्या ब्रॅकेटला लागत नाही ना, हेही पाहिले. कित्येक मुलांच्या बाबतीत हेच कारण निघते. वरचे दात खालच्यांवर खोल उतरत असतील तर प्रत्येक घासाला वरचा दात खालच्या ब्रॅकेटवर आपटतो. तिथे खाण्याचाही दोष नाही आणि चिकटवण्याचाही नाही. अशा वेळी दाढांवर थोडे सिमेंट ठेवून चावा उंच करतात. आमच्याकडे तसे नव्हते. दोन आठवडे तो दात रिकामा ठेवायचा, मऊ ब्रशने हिरडी स्वच्छ करायची, मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरायच्या आणि सूज उतरल्यावरच ब्रॅकेट बसवायचा, असे ठरले.

अजून एक कारण आमच्या माहेरच्या ओळखीतून कळले, ते विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांसाठी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते. लहानपणापासून ते पाणी प्यालेल्या मुलांच्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी डाग दिसतात. अशा इनॅमलवर आम्लाचा परिणाम नीट होत नाही, म्हणून टाके उथळ पडतात आणि डाग जास्त असतील तर ब्रॅकेट सुटण्याची शक्यता वाढते. डॉक्टर अशा दातांवर आम्ल जास्त वेळ ठेवतात किंवा पृष्ठभाग आधी थोडा खरखरीत करून घेतात. तुमचे बालपण किंवा मुलाचे बालपण कुठल्या गावात गेले, हे पहिल्या भेटीतच डॉक्टरांना सांगा.

आता घरात काय करायचे, ते थोडक्यात. नवा ब्रॅकेट बसवला त्या दिवशी खिचडी, दलिया, शेवया असे मऊ खाणे द्या. राळ प्रकाशाने लगेच कडक होते, तरी तिची ताकद पुढच्या चोवीस तासांत आणखी वाढते. त्यानंतर मूल सगळे खाऊ शकते, फक्त खाण्याची तऱ्हा बदलायची. पेरू, सफरचंद, गाजर पुढच्या दातांनी तोडू नये, फोडी करून मागे चावावे. कणसाचे दाणे सोडून द्यावेत. चिक्की, ऊस, भाजलेले चणे, सरबतातला बर्फ दाताने फोडणे, पेनचे टोपण चावणे हे बंद. दस्तरखानावर मुलाला वेगळे वाटू नये म्हणून आम्ही सगळ्यांसाठीच गोश्त हाडावरून सोडवून ठेवतो. खिमा, सीख कबाब, शामी कबाब चालतात. नळी चोखायचा मोह मात्र दोन वर्षे आवरावा लागतो. शीरखुर्म्यात खारीक भिजून मऊ झालेली असते, बदाम-पिस्ते बारीक कापून घाला. खजूर बी काढून, चिरून द्यावा आणि नंतर चूळ भरायला लावावी, कारण तो चिकटून राहतो.

काळ्या थंड पेयांबद्दल आम्ही वर्गातही सांगतो. कोलामध्ये तेच फॉस्फरिक आम्ल थोड्या प्रमाणात असते, जे डॉक्टर दाताला टाके मारायला वापरतात. डॉक्टर ते मोजून अर्धा मिनिट लावतात. मूल ते तासभर घोट घोट पीत बसते, सोबत साखरही. ब्रॅकेटभोवती अन्न अडकून राहिले आणि ब्रश झाला नाही, तर महिनाभरातच दातावर पांढरे डाग पडायला सुरुवात होऊ शकते. तार निघाल्यावर दात सरळ, पण प्रत्येकावर चौकोनी चौकट उमटलेली, असे होऊ नये. म्हणून रमजानमध्ये इफ्तारनंतर आणि सेहरीनंतर ब्रशची वेळ राखून ठेवावी लागेल. अम्मींनी मिसवाकबद्दल विचारले होते. पिलूची ताजी, मऊ कुंचीची काडी जिभेकडच्या बाजूने जरूर फिरवावी. बाहेरून तारेखाली मात्र ती पोहोचत नाही, आणि जोराने घासली तर ब्रॅकेटवर आदळते. तिथे बारीक टोकाचा, बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा छोटा ब्रशच हवा.

ब्रॅकेट सुटलाच तर घाबरायचे कारण नाही. तारेत अडकून लोंबत असेल तर ओढू नका. तार टोचत असेल तर डॉक्टरांनी दिलेले मेण लावा. गिळला गेला तर तो बहुधा आपोआप बाहेर पडतो, तरी डॉक्टरांना कळवा. पण ठसका लागला, श्वासाला त्रास झाला, तर लगेच दवाखाना गाठा. हातात आला तर कागदात बांधून, तारीख लिहून जपून ठेवा. आठवडे जाऊ देऊ नका. पकड सुटलेला दात आपल्या जुन्या जागेकडे सरकू लागतो आणि तेवढे महिने इलाज लांबतो.

आणि एकाच दाताचा ब्रॅकेट दुसऱ्यांदा सुटला, तर मुलाला ‘काय खाल्लेस?’ असे विचारण्याआधी डॉक्टरांना विचारा: राळ कुठे राहिली आहे, दातावर की ब्रॅकेटवर? वरचा दात लागतो का? हिरडी सुजली आहे का? चांगल्या डॉक्टरांना हे प्रश्न आवडतात. आमच्या डॉक्टरांनी तर भिंग आमच्या हातात दिले.

दोन आठवड्यांनी ब्रॅकेट बसवला तेव्हा आम्ही शेजारी उभे होतो. त्यांनी तीनदा कापूस बदलला. दात खडूसारखा पांढरा झाला तेव्हा धाकटीला आरसा धरून दाखवला. ती तोंड उघडे ठेवूनच ‘अं अं’ करत होती, बहुधा ‘पाट्याचे टाके’ म्हणायचे असावे. त्या ब्रॅकेटला आता पाच महिने झाले, अल्लाहच्या मेहरबानीने जागेवर आहे. वाकडा फिरलेला दात परत आणायला मात्र तीन महिने गेले.

मार्चमध्ये वरच्या बाजूचा एक दुसराच ब्रॅकेट सुटला. शाळेतून आल्या आल्या दप्तरही न ठेवता धाकटीने कागदाची पुडी आमच्यासमोर धरली. वर पेन्सिलने तारीख लिहिलेली होती आणि खाली एक शब्द: पेरू. आमच्या तोंडावर आलेले वाक्य आम्ही गिळले. “बरे झाले लगेच सांगितलेस,” एवढेच म्हणालो आणि फोनकडे वळलो. मागून ती अम्मींना सांगत होती, “दादीजान, ओरडली नाही!”

तुमच्या घरी तारेचे काय किस्से घडले, ते जरूर कळवा. पुढच्या महिन्यात पुन्हा भेटू.